आधी चवडा, मग उडी

आमच्या हायस्कुलात कबड्डीचे दोन सर येऊन गेले. पहिल्यांच्या हाताखाली माझा थोरला भाऊ खेळला, दुसऱ्यांच्या हाताखाली मी. दोघंही पोरांवर जीव टाकणारे. म्हणूनच पोरांना खेळ शिकवावा की जिंकायची युक्ती, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही.

पहिले सर शाळा भरायच्या आधी पोरांना मैदानात उतरवायचे. खडे वेचायचे, पाणी मारायचं, चुन्यानं रेषा आखायच्या. मग आठवडाभर नुसता दम. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत निदान रेषा ओलांडून परत यायचं. त्यानंतर पायांची चाल आणि मग चवडा. चवडा धरताना डोकं चढाईवाल्याच्या गुडघ्यासमोर न्यायचं नाही, बाजूला ठेवायचं, हे ते शंभरदा सांगत. कोपऱ्यातल्यानं पाय धरला की साखळीतल्या शेजाऱ्यानं त्याच क्षणी कंबर धरली पाहिजे. पोरं कंटाळायची. “सर, उडी शिकवा की!” सर म्हणायचे, “उडी माकड बी मारतंय. आधी चवडा धर.”

संघ दरवर्षी तालुक्यालाच बाद व्हायचा. पारावर लोक म्हणत, ‘मास्तर नुसती कवायत घेतोय.’

त्यांची बदली झाली आणि दुसरे सर आले. डोक्यानं तल्लख. वर्षाला सामने तीन-चार, पोरं गुरं-वैरण करून येणार, एवढ्या वेळात पाया कधी घालायचा? त्यांनी एक चपळ पोरगा हेरला आणि त्याला लंगडायचं सोंग शिकवलं. चढाईत पाय मुरगळल्यागत करायचं, समोरचे झेपावले की दोघातिघांना शिवून परत फिरायचं. आम्ही बाकीचे सहा जण आपली संख्या भरायला.

त्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो. हलगी वाजली, गुलाल उडाला, आया-बाया दारात येऊन बघत होत्या. त्या आनंदाला मी आजही खोटं म्हणणार नाही. जिल्ह्याला मात्र समोरच्या पोरांनी सोंग बघितलं आणि साखळी काही सोडली नाही. अर्ध्या तासात आमच्यावर दोन लोण चढले.

पुढच्या जत्रेत गावच्या संघाला एक गडी कमी पडला, म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं. चवडा कसा धरायचा हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. समोरून घुसलो, गुडघा तोंडावर बसला. पुढचे दोन दात गेले. माझा भाऊ त्याच मातीत दुसऱ्या कोपऱ्यात कितीतरी वर्षं खेळला. त्याचे सगळे दात शाबूत आहेत.

आता कुणी म्हणेल, कबड्डी म्हणजे हुलकावणीच की! खरं आहे. चढाईचे ३० सेकंद समोरच्याला चकवण्यासाठीच असतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि प्रदीप नरवालची डुबकी बघून गल्लीतली पोरंही साखळीखालून घुसायला लागली. पण ती डुबकी ज्या मांड्यांवर आणि दमावर उभी आहे, त्यांची मेहनत टीव्हीवर दिसत नाही. पायावर चढलेला डाव मला प्यारा आहे. पायाच्या जागी आणून ठेवलेला डाव मला खटकतो.

आणि त्याची वाटणीही बरोबर होत नाही. सोंग एकट्याला येतं, बाकीचे सहा बघत राहतात. शिवाय समोरचा अडाणी असेल तोवरच ते चालतं. चवडा आणि साखळी सातही जणांच्या अंगात मुरते, समोर कुणीही असो.

‘गरिबाच्या शाळेला दुसरा मार्ग काय?’ हा सवाल दुसऱ्या सरांच्या बाजूनं उरतोच. ढालीपुरतं त्यांचं गणित बरोबर होतं. पण ढाल शाळेच्या कपाटात राहते, पोरगं घरी जातं. आमच्यातला एकही जण पुढं मोठा खेळाडू झाला नाही, आणि बहुतेक शाळांतल्या बहुतेक पोरांचं असंच असतं. ज्या पोराला ढाल मिळणार नाही, त्याच्या अंगात काय राहिलं, यावर मी शिकवणाऱ्याला जोखतो. म्हणून नवा सर भेटला की मी किती सामने जिंकले ते विचारत नाही. विचारतो, “सर, कोपऱ्यातल्या पोराला चवडा येतो का?”