बिनकामाचं बोलण्याचा परवाना

बोलायला परवाना लागत नाही, ही आपल्या देशाची मोठी कृपा आहे. लागत असता, तर भोकरच्या बसस्टँडवर सकाळी चहाच्या टपरीपाशी जमणारी मंडळी जन्मभर मुकी राहिली असती. मी मात्र निवृत्तीनंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, परीक्षा देऊन आणि पोलीस चौकशीला तोंड देऊन बोलण्याचा रीतसर सरकारी परवाना मिळवला आहे. हौशी रेडिओचा. जाणकार त्याला 'हॅम' म्हणतात.

"चौतीस वर्षं शाळेत बोललात, तेव्हा कुणी परवाना मागितला नाही," आमची ही म्हणाली, "आता घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, तर परवाना!"

वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते. त्यामुळे माझ्या शेजारी एक दोन वेण्यांची मुलगी बसली होती. तिचा पेपर माझ्या आधी संपला. जाताना तिनं "आजोबा, खोडरबर हवंय का?" असं इतक्या मायेनं विचारलं, की आयुष्यभर पर्यवेक्षक म्हणून मिरवलेला माझा ताठा जागच्या जागी गळाला. मोर्सची कडकट्ट न येणाऱ्यांना खालच्या वर्गाचा परवाना मिळतो. मला तोच मिळाला. पण तेवढ्यावरही शॉर्टवेव्हचे काही पट्टे खुले होतात, आणि जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या ताकदीनं माणूस भोकरहून इटलीला हाक मारू शकतो.

हाक मारता येते हे खरं, पण पुढे बोलायचं काय? नियमांचं पुस्तक उघडलं, तर नकारांची जंत्रीच. धंद्याचं बोलू नका, जाहिरात नको, गाणी लावू नका, गुप्त भाषा नको. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत तर कित्येक वर्षं एक नामी कलम होतं. परदेशी हौशाशी बोलायचं ते फक्त यंत्राच्या चाचणीबद्दल, किंवा तार-टेलिफोनचा खर्च करण्याच्या लायकीचं नसेल इतकं बिनमहत्त्वाचं खाजगी. २००३ साली त्याची भाषा बदलली, पण आपल्या १९७८ च्या नियमांतही सूर तोच आहे. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर पोस्टात जा. इथे फक्त बिनकामाचं!

वाचकहो, हे वाचून मला घाम फुटला. मास्तर माणूस मी! जन्मभर महत्त्वाचंच बोलत आलो. 'हे परीक्षेत येणार' असं म्हटल्याशिवाय मला बोलताच येत नाही. बिनकामाचं बोलायचं म्हणजे काय करायचं?

त्याआधी तारेचा प्रश्न होता. चौदा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे तेहतीस फूट तार उंचावर ताणावी लागते. एक टोक आमच्या गच्चीला बांधता येत होतं. दुसऱ्या टोकाच्या जागी नेमका शेजाऱ्यांचा कडुनिंब. आणि शेजाऱ्यांशी आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण क्षुल्लक, म्हणजे अर्थातच भक्कम : आमच्या नालीचं पाणी त्यांच्या अंगणात जातं.

शेवटी गेलो. घसा खाकरला आणि तारेचं सांगितलं.

"बांधा की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पर बोलणार कुणाशी?"

"जपान, इटली... जो ऐकेल त्याच्याशी."

"बरंय. गुरुजी जपानशी बोलायलाव," असं म्हणून ते आत गेले. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, पण ते मला पाच-नऊ ऐकू आलं. 'पाच-नऊ' म्हणजे आमच्या भाषेत आवाज स्पष्ट आणि जोरदार.

पहिले कित्येक दिवस मी नुसतं ऐकलं. या छंदात नवख्यानं आधी ऐकावं आणि पट्टा मोकळा असल्याची खात्री करूनच तोंड उघडावं, अशी रीत आहे. (ही रीत आमच्या स्टाफरूममध्ये असती तर!) मग एका संध्याकाळी हाक मारली, आणि इटलीतल्या एका म्हाताऱ्यानं उत्तर दिलं. गावाचं नाव अक्षरागणिक सांगितलं : ब्राव्हो, हॉटेल, ऑस्कर, किलो, अल्फा, रोमिओ. भोकर इतकं रुबाबदार आजवर कधीच वाटलं नव्हतं. भोकर हे एका झाडाचंही नाव आहे आणि त्याच्या चिकट फळांचं लोणचं घालतात, हेही सांगितलं. त्यानं आपल्या टोमॅटोच्या रोपांची हकिगत सांगितली. आवाज कसा येतो, हवा कशी आहे, तार किती उंच आहे, नमस्कार. चार मिनिटांत संपलं. नोंदवहीत लिहून ठेवलं आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही.

पुतण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, खिशात फोन आहे. इटलीचं तोंडसुद्धा दिसतं. मग हे कामून?"

प्रश्न रास्त आहे. जे काम दुसऱ्या रीतीनं सोपं होतं, ते अवघड रीतीनं का करावं? आणि ज्यात कामच नाही, ते करावंच का?

मला १९९३ चा ३० सप्टेंबर आठवला. गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी-सास्तूरवर पहाटे माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. माझी थोरली बहीण औसा तालुक्यात दिलेली. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याच्या हाती चिठ्ठी आली : आम्ही बरे आहोत. भिंत पडली, म्हैस गेली. तेव्हा हौशी रेडिओवाले संच घेऊन त्या भागात मदतीला गेले होते, हे मला फार उशिरा कळलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला गेले होते, तेही हौसेखातरच. त्या बेटांवरून कित्येक वर्षांत कुणी हौशी बोललं नव्हतं, म्हणून जगभरचे हौशी रांग लावून होते. पाच-नऊ, धन्यवाद, पुढचा! २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, दळणवळण तुटलं, आणि त्याच संचांवरून कोण सुखरूप आहे याचे निरोप जाऊ लागले. अशा आपत्तीत इतरांचे निरोप पोचवायची मुभा नियमच देतात.

मग माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा निरोप आणि आमचा रोजचा बिनमहत्त्वाचा निरोप एकच आहे. मी इथे आहे. तू ऐकू येतोस. बरा आहेस ना? एरवी हेच वाक्य फुकट वाटतं. त्या दिवशी त्याच्यासाठी माणसं तीन दिवस दारात उभी राहतात. आणि ते रोज फुकट बोलणारे असतात, म्हणूनच त्या दिवशी कुणाला तरी ते बोलता येतं. वाट वापरात असली तरच मोकळी राहते. न वापरलेल्या वाटेवर तण माजतं.

आता या लहरींची एक गंमत सांगतो. त्या वर जातात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीच्या थरावरून वळतात आणि दूर कुठे तरी उतरतात. मधला मुलूख कोरडा राहतो. त्यामुळे माझा आवाज इटलीला पोचतो, पण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या नांदेडला बहुधा पोचत नाही. दूरचा जवळ आणि जवळचा दूर. हा दोष फक्त लहरींचाच आहे, असं म्हणवत नाही.

हल्ली संध्याकाळी मी संच बंद केला की कडुनिंबाखालून आवाज येतो, "गुरुजी, आज कोण घावलं?" मी भिंतीपाशी जातो आणि रशियातल्या पावसाचं सांगतो. ते त्यांच्या गुडघ्याचं सांगतात. महत्त्वाचं असं कुणीच काही बोलत नाही.

नालीचं पाणी अजून तिकडेच जातं. पण तो विषय महत्त्वाचा आहे. नियमात बसत नाही.