निम्मं काढून टाक

चि. ताईस,


सहावी-सातवीच्या मुलांसाठी तू भूमितीचं अ‍ॅप करते आहेस, हे कळल्यावर फार आनंद झाला. पाठवलेला आराखडा शेवटपर्यंत पाहिला. कोन ओळखला की नाणी पडतात, मागे संगीत वाजतं, पोपट टाळ्या पिटतो. मेहनत दिसते. पण माझी सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली, म्हणून मोकळेपणाने सांगतो : यातलं निम्मं काढून टाक.

थोडक्यात किती शिकवता येतं, ते बघ. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मेकॅनो तयार केला. काड्या म्हणजे बाजू, नळीचे तुकडे म्हणजे सांधे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, तो आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस बोट लावताच कलतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. पत्र्याच्या छपराखालची कैची त्रिकोणांची का असते, हे मग मुलं आपणहून सांगतात. त्या खेळण्यात वगळावं असं काहीच नाही. हात जे करतो, तेच डोक्याला समजून घ्यायचं असतं.

संगणकालाही हे साधतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून ओढला की तिन्ही कोनांची मापं भराभर बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. फळ्यावर एका तासात चार-पाच त्रिकोण काढून होतात. इथे बोट फिरेल तितके. फळ्याला न जमणारं काम यंत्राने करावं, त्यासाठीच त्याला वर्गात जागा द्यावी.

म्हणून प्रत्येक स्क्रीनपाशी थांब आणि विचार : इथे मुलाचं बोट काय करतं आहे, आणि त्यात गणित आहे का? नाण्यांवर नजर गेली की कोन बाजूला राहतो. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून हेच दाखवलं आहे. धड्याशी संबंध नसलेली रंजक चित्रं, गोष्टी, संगीत काढून टाकलं, तर शिकणाऱ्याला विषय अधिक चांगला समजतो. एका वेळी मनात मावणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. ती जागा पोपटाला देऊ नकोस.

दुसरं, ज्यांच्यासाठी करतेस त्यांचं घर डोळ्यांसमोर ठेव. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार त्यांना मिळाला. त्या कल्पनेचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. हातात ओळखीचं पुस्तक, पानावर एक चौकोनी खूण. फोन समोर धरला की धडा उघडतो. नवं काही शिकून घ्यावं लागत नाही.

आपल्याकडे कितीतरी घरांत फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर हाती लागतो, आणि मागे धाकटं भावंड हट्ट करत बसलेलं. तेव्हा अ‍ॅप नेटशिवाय चालू दे. जुन्या फोनवर चटकन उघडू दे. नाव, ईमेल, पासवर्ड विचारत बसू नकोस. सूचना एका ओळीची, पाठ्यपुस्तकातल्याच मराठी संज्ञांची असावी.

काय ठेवायचं हे ठरवायला विषय आतून कळावा लागतो. तुला तो कळतो, म्हणूनच एवढ्या हक्काने लिहितो आहे.

आता एक कर. अ‍ॅप घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा, गुरुजींची परवानगी घे, फोन मुलाच्या हाती दे आणि शेजारी गप्प बस. काही समजावू नकोस. अडलं म्हणून मूल जिथे तुझ्याकडे पाहील, तिथे आराखडा चुकला असं समज आणि घरी येऊन तेवढं दुरुस्त कर.

तुझा,
मामा