ताण उतरायला लागणारा वेळ

‘वय झालं, आता टेन्शन घेऊ नका,’ असं आपण ज्येष्ठांना उठता-बसता सांगतो आणि तेवढ्यासाठी त्यांच्या हातातली कामं एकेक करून काढून घेतो. आधी वीजबिल, मग बाजारहाट, शेवटी बँकेचं पासबुक. हेतू चांगलाच असतो. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. ते पहाटे वाढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. उतारवयात हा चढउतार सपाट होत जातो. रात्रीची पातळी पूर्वीइतकी खाली येत नाही. शिवाय एखाद्या प्रसंगानं कॉर्टिसॉल वाढलं, तर ‘आता पुरे’ हा मेंदूचा निरोप पूर्वीसारखा चटकन लागू पडत नाही. ताण तरुणपणीही येतच होता. आता तो ओसरायला जास्त वेळ लागतो.

कोणत्या ताणानं कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी 2004 साली 208 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. परिस्थिती आपल्या हातात नसते आणि वर चारचौघांत आपली पारख होत असते, तेव्हा ते सर्वाधिक वाढतं, असं त्यांना आढळलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत उभे असलेले पेन्शनर आठवा. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ठसा घेत नाही, मागची रांग चुळबुळते, ‘आजोबा, नीट दाबा ना!’ काम पाच मिनिटांचं, पण दोन्ही अटी पुऱ्या होतात.

घरात पासबुक काढून घेणं याच जातीचं आहे. त्यांची काळजी वाचते, पण घरातल्या त्यांच्या शब्दाचं वजनही जातं.

पुरेशी झोप आणि रोजचं चालणं यांचा उपयोग होतोच. झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढं राहू शकतं. तंदुरुस्त ज्येष्ठांकडून ताणाला मिळणारा प्रतिसाद सौम्य असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण जीवनशैली फक्त ज्येष्ठांनी बदलायची नसते, घरानंही बदलायची असते. शस्त्रक्रिया, मृत्युपत्र, गावाकडची जमीन हे विषय रात्री जेवणं आटोपल्यावर काढू नयेत. सकाळी काढावेत, म्हणजे ताण ओसरायला अख्खा दिवस मिळतो. आणि निर्णय त्यांचा असेल, तर तो आपल्याला पटला नाही तरी त्यांनाच घेऊ द्यावा.