करंगळीची चूक

मुलांना वाद्य शिकवताना आधी हात तयार करावा की आधी कारण सांगावे, हा प्रश्न वरवर पाहता संगीतशिक्षकांचा आहे. परंतु त्याला एक नैतिक अंगही आहे, हे आम्हांस एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे कळले.

शेजारची ही मुलगी सुटीत गिटार घेऊन आमच्याकडे येई. आम्ही काही उस्ताद नव्हे. तरुणपणी चार कॉर्ड शिकलो, तेवढीच आमची पुंजी. ती आम्ही रूढ पद्धतीनेच वाटू लागलो. कागदावर सहा उभ्या रेघा, आडवे पडदे आणि तीन ठिपके : येथे तर्जनी, येथे मध्यमा, येथे अनामिका, झाला ई मेजर. एके दिवशी बोटे त्या ठिपक्यांवर असतानाच तिने करंगळी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर दाबली आणि तारा छेडल्या. आम्ही तत्काळ म्हणालो, “चुकलं.” ती म्हणाली, “पण काका, वाईट कुठं वाजतंय?” वाईट खरोखरच वाजत नव्हते. आम्ही कागदाकडे बोट दाखवले आणि विषय संपवला.

विषय आमच्या मनातून मात्र संपला नाही. ‘चूक’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक, जे करायचे होते ते झाले नाही. दुसरा, जे झाले ते मुळातच सदोष आहे. मुलगी दुसऱ्या अर्थाने विचारत होती आणि आम्ही पहिल्या अर्थाने उत्तर देऊन तिला गप्प केले. ती वाद घालू शकली नाही, कारण वाद घालण्याचे साधन आम्ही तिला दिलेच नव्हते. तिच्यापाशी ठिपके होते, ठिपक्यांमागचे कारण आमच्यापाशी होते. ज्याच्यापाशी केवळ आज्ञा आहे, त्याला आज्ञा मोडल्याचा दोष लावणे कितपत न्याय्य?

आणि कारण तरी किती मोठे? ई हा षड्ज मानला, तर ई मेजरच्या सहा तारांपैकी तीन तारांवर षड्ज वाजतो, दोन तारांवर पंचम, आणि उरलेल्या एकाच तारेवर, म्हणजे तिसरीवर, शुद्ध गांधार. साऱ्या कॉर्डचा स्वभाव या एकट्या गांधारावर टांगलेला आहे. पहिल्या पडद्यावरची तर्जनी उचलून ती तार मोकळी सोडा, गांधार कोमल होतो आणि ई मेजरचा ई मायनर होतो. उजळलेल्या खोलीत कोणी दिव्याची वात खाली करावी तसे वाटते. उलट तीच तार दुसऱ्या पडद्यावर दाबा, गांधाराच्या जागी शुद्ध मध्यम येतो. मुलीच्या करंगळीने नेमके हेच केले होते. या स्वरमेळाला पाश्चात्त्य संगीतात स्वतःचे नाव आहे, मान आहे. त्याला सस्पेंडेड, म्हणजे अधांतरी राहिलेला, म्हणतात. आम्ही तिला चूक ठरवले ते आमच्या कागदावर तो ठिपका नव्हता म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, बोलायला शिकणाऱ्या मुलाला आई आधी व्याकरण सांगत नाही. गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे केवळ अनुकरण करणारे शिष्यच पुढे मोठे गवई झाले. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाही. परंतु रागातील एखाद्या स्वराचे आंदोलन शब्दांत मावत नाही. तेथे गुरूचे मौन हे नाइलाजाचे मौन असते. कॉर्डची गोष्ट तशी नाही. ती मोजता येते, पाच मिनिटांत सांगता येते. जे सांगता येते ते न सांगण्याला परंपरेचा आधार घेणे म्हणजे, स्पष्टच बोलायचे तर, शिष्याला आपल्या दाराशी बांधून ठेवणे होय. आमच्या गोव्यातील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवले. त्या वाचनाचे बळ पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात दिसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशन यांचे सहायक सेबॅस्टियन डिसोझा हे संगीतकाराच्या चालीभोवती स्वरमेळ लिहू शकत, ते काही पाठ केलेल्या ठिपक्यांच्या जोरावर नव्हे.

कारण सांगू लागले की आणखी एक पेच येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप एक गांधार उमटतो. मुलांना तो ऐकवून ‘हाच गिटारचा गांधार’ असे सांगण्याचा मोह होतो. पण ते पुरते खरे नाही. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे तिचा गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो. हे मुलाला सांगावे काय? आमचे मत असे की, न विचारता सांगू नये. पण त्याच्या कानाला फरक जाणवला आणि त्याने विचारले, तर ‘तुला भास झाला’ असे कदापि म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात खडूने तेरा घरे आखली, षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत, आणि मुलीला उड्या मारायला लावल्या. पहिल्या घरातून चार घरे पुढे, मग तीन : मेजर. आधी तीन, मग चार : मायनर. दोन्ही वेळा ती पंचमाच्याच घरात येऊन ठेपली, याचे तिला फार नवल वाटले. मग तिने न सांगता पाच आणि दोन अशा उड्या मारल्या आणि आमच्याकडे पाहिले. “हीच तुझी कालची करंगळी,” आम्ही म्हणालो, “आणि काल चुकलो ते आम्ही.” क्षमा मागितल्याचे तिच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, ती पुढच्या हिशेबात गुंतली होती.

“दोन आणि पाच?” तिने विचारले. आम्ही सांगितले की, तो रिषभ या तारेवर मिळायचा नाही. तार मोकळी सोडली तरी कोमल गांधारच वाजतो, त्याच्या खाली पडदा कुठून आणायचा? तिने क्षणभर गिटारकडे पाहिले आणि सरळ तिसऱ्या तारेच्या खुंटीला हात घातला.