रस्ता खराब, मान्य!

बसा खाली. मोबाइल खिशात ठेवा. दहावीला याच वर्गात मेंदूची आकृती काढून, नावं देऊन पैकीच्या पैकी गुण मिळवलेत ना? मग परवा गावात एका गृहस्थांना लकवा मारला, तेव्हा तुम्ही शहाण्यांनी काय दिवे लावलेत ते सांगा. माना खाली का गेल्या? बरं, मीच सांगतो.

सकाळी सहाला त्यांच्या हातातली कपबशी निसटली. तोंड डावीकडे ओढलं गेलं, जीभ बोबडी वळली, उजवा हात लुळा पडला. तुमच्यातला एक म्हणाला, पित्त चढलंय, लिंबूसरबत पाजा. दुसऱ्याने कांदा फोडून नाकाला लावला. तिसरा कबुतर शोधत गावभर हिंडला, कारण त्याचं रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणे! मग सलाईन लागली, ‘संध्याकाळपर्यंत बघू’ झालं. थोरला मुलगा पुण्याहून येईपर्यंत हलवायचं नाही, असंही ठरलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलात दुपारी तीनला. आणि आता पारावर बसून सांगता काय, तर रस्ता खराब! खराब आहे, मान्य. पण तो रस्ता दीड तासाचा. उरलेले साडेसात तास तुम्ही अंगणात घालवलेत, त्यांचा हिशेब कोण देणार?

नीट ऐका. पक्षाघातात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, कधी ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सीटी स्कॅन केल्याशिवाय कुठल्याही धन्वंतरीला खात्रीने सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत ते तीन तासांच्या आत उपयोगी ठरलं, २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. काही निवडक रुग्णांत गुठळी नळीवाटे ओढून काढता येते, तेही २४ तासांपर्यंत. पण म्हणून निवांत बसायचं नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. साडेसात तासांची मिनिटं ४५०. करा गुणाकार! साडेपंच्याऐंशी कोटी.

आणि हे काही आपल्याच गावचं रडगाणं नाही. जगात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला. सातांतला एक मृत्यू त्याचा. त्यातल्या बहुतेकांनी घरीच प्राण सोडला.

सरकारला मी मोकळं सोडत नाही. स्कॅनचं यंत्र तालुक्याला नाही, जिल्ह्याला आहे तर चालवणारा जागेवर नाही, हे चालायचं नाही. सलाईन लावून रुग्ण अडकवून ठेवणाऱ्या डॉक्टरलाही जाब विचारलाच पाहिजे. पण तो विचारायचं तोंड आहे का तुम्हाला? आधी वेळेत दवाखान्याच्या दारात उभे तर राहा.

आता वही काढा, उतरवून घ्या. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करून धरायला सांगा, एक सोपं वाक्य बोलायला सांगा. तिन्हींत एक जरी अचानक बिघडलेलं दिसलं, तर १०८ ला फोन. ती गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून फुकट धावते आहे. तिला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीत घाला. कुठे न्यायचं ते फोनवरच विचारा: स्कॅन चालू आहे का, गुठळीचं इंजेक्शन मिळेल का? नाही म्हणाले तर तिथे थांबू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठतानाच लुळा सापडला तर झोपायला गेल्याची वेळ सांगा.

तोंडात पाणी, चहा, काही घालायचं नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. स्वतःच्या अकलेने रक्त पातळ करायची किंवा रक्तदाबाची गोळी द्यायची नाही. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी घरी बसायचं नाही. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

उद्या प्रत्येकाने हे घरात तोंडपाठ म्हणून दाखवायचं, आजीपासून नातवापर्यंत. ज्याला लक्षणं पहिल्यांदा दिसतील त्याने फोन करायचा. थोरल्याची परवानगी, पुण्याची गाडी, कशाचीही वाट बघायची नाही. पुढच्या वेळी पंधरा मिनिटांत रुग्ण गावाबाहेर पडला नाही, तर खड्ड्यांची तक्रार घेऊन माझ्यासमोर यायचं नाही. समजलं? निघा.