वाक्य कोणी पुरे करावे?

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला एक अनुभव हटकून येतो. आपण हिंदीत बोलू लागतो, एखाद्या शब्दाचे लिंग चुकते, नेमका शब्द ओठांवर येत नाही, आणि समोरचे सद्गृहस्थ मोठ्या सौजन्याने आपले वाक्य स्वतःच पुरे करून टाकतात. त्यांनी पुरे केलेले वाक्य बहुधा आपल्या मनातले नसते. तरी रायपुरास नव्याने आलेला मराठी अधिकारी मान डोलावतो, आणि जे म्हणावयाचे नव्हते ते म्हटल्याचे कबूल करून मोकळा होतो. वर्षा-सहा महिन्यांत भाषा अंगवळणी पडते व हा उपद्रव संपतो. ज्यांच्या बाबतीत तो जन्मभर संपत नाही, अशा माणसांविषयी येथे थोडा विचार करावयाचा आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे. जन्मापूर्वी, जन्मतेवेळी किंवा अगदी शैशवात वाढत्या मेंदूला इजा होते आणि हातापायांच्या हालचालींवरचा व तोलावरचा ताबा कमी होतो. मेंदूतील ती इजा पुढे वाढत नाही, पण जातही नाही. जीभ, ओठ व श्वास यांचे स्नायू त्यात सापडले की बोलणे ओढल्यासारखे, तुटक होते. काहींच्या बुद्धीवरही परिणाम होतो. पुष्कळांच्या होत नाही. परंतु उच्चार अस्पष्ट, म्हणून विचारही अस्पष्ट, असे अनुमान आपण बेधडक काढतो. सुशिक्षितांचा हा ग्रह तर अधिकच पक्का असतो. अस्खलित बोलण्याच्या बळावरच त्यांतील कित्येकांनी बढत्या मिळविलेल्या असतात!

येथल्याच एका कचेरीत आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. असा एक तरुण आईसह खिडकीशी आला. कारकून भला माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी मागविले, आणि तरुणाचे नाव त्याच्या आईला विचारले. जन्मतारीखही तिलाच विचारली. तरुण मधून मधून काही सांगू पाहत होता. पण पहिल्या अक्षरालाच आई उत्तर देई आणि कारकून लिहून घेई. पेन्शनचा अर्ज निम्मा भरून झाल्यावर कोणीतरी थांबले, आणि चारेक मिनिटांनी उलगडा झाला, की त्याला पेन्शन नकोच होती. नोकरीच्या परीक्षेत वयाची सवलत किती, एवढेच विचारावयाचे होते.

या प्रसंगात दुष्ट कोणीच नाही, आणि आमच्या मते खरी अडचण हीच आहे. उघड अन्यायाचा निवाडा सोपा असतो. २०१२ साली कोलकात्याच्या जीजा घोष गोव्यातील एका परिषदेसाठी निघाल्या असता, त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून, विमानात बसल्यावर उतरविण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देवविली. हिरावलेल्या आसनाची अशी दाद लागते. हिरावलेल्या वाक्याची कोठे मागावयाची? दयेपोटी हिरावले असेल, तर तक्रार करणाराच कृतघ्न ठरतो.

यावर अधिकारी म्हणतील, मागे ३० माणसे रांगेत आहेत, त्यांच्या वेळेचे काय? आक्षेप हलका नाही. परंतु रांग पाळीची समानता देते, मिनिटांची नव्हे. अर्धा तास खाणाऱ्या कंत्राटदाराला आपण चहा पाजतो, तेव्हा ही ३० माणसे आपल्याला कोठे आठवतात? अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने वाजवी सोय करणे हे कर्तव्य मानले आहे, अवाजवी बोजाची मर्यादा घालूनच. चार मिनिटे हा अवाजवी बोजा नव्हे. ऐकू आले नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणावे. न कळताच ‘हो, हो’ म्हणणे हे सौजन्य नसून फसवणूक आहे.

लेखणीच्या प्रांतात मात्र ही विषमता बरीच मावळते. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था व शाळा काढली, ती आपली कन्या मालिनी चिब हिच्यामुळे. मालिनींनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. ते एका बोटाने टंकलिखित केलेले आहे. एकेका ओळीला किती वेळ लागला हे छापील पानावर दिसत नाही, आणि मध्येच त्यांची ओळ पुरी करून टाकण्याची सोय वाचकाला नसते. अशी माणसे एकमेकांशी लिहून मोकळेपणाने बोलतात, याचे मर्म बहुधा हेच.

आईचा प्रश्न अधिक बिकट आहे. वीस वर्षे तिने त्याची वाक्ये पुरी केली, ती कोणी थांबत नव्हते म्हणून. तिला गप्प राहण्यास सांगण्यापूर्वी खिडकीपलीकडच्याने थांबावयास हवे. याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत; त्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. तो तरुण परीक्षा उतरला तर उद्या खिडकीच्या आतल्या बाजूस बसेल, आणि आपला अर्ज घेऊन आपल्याला त्याच्यापुढे उभे राहावे लागेल.