वरचं कोरडं, खालचं ओलं

मदिनेच्या बाजारात एक माणूस धान्याचा ढीग लावून बसला होता. मुहम्मद पैगंबर तिथून जाताना थांबले आणि त्यांनी ढिगात हात खुपसला. बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं की भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असंही सुनावलं. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात ही हकिगत आहे.

आता बघा, ते धान्य हलालच होतं. पाऊस पडला यात विक्रेत्याचा दोष नव्हता. तो खोटंही बोलला नव्हता, कारण तोवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याने फक्त ढीग रचला, कोरडं वर आणि ओलं खाली.

आज हलाल म्हटलं की आपल्याला पाकिटावरचा शिक्का आठवतो. डुकराचं काही नाही, दारू नाही, जनावर ठरलेल्या पद्धतीने कापलंय, झालं. पण इस्लामी व्यापारनीतीत ‘काय विकलं’ इतकाच ‘कसं विकलं’ हा प्रश्न मोठा आहे. मापात मारणाऱ्यांबद्दल तर कुराणात एक अख्खा अध्याय आहे, 83वा. लपवलेला दोष नंतर सापडला तर माल परत करायचा हक्क ग्राहकाला आहे. पाण्यातला मासा पकडण्याआधीच विकायला मनाई आहे, कारण घेणाऱ्याला आपण काय घेतोय तेच कळत नाही.

बाराव्या शतकातल्या सीरियात अश-शैझरी याने बाजार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. खाटकांसाठी त्यात एक नियम आहे: शेळीचं मांस मेंढीच्या मांसात मिसळायचं नाही, आणि ओळखू यावं म्हणून शेळीच्या मांसाला केशराने खूण करायची. दोन्ही मांसं हलालच! तरी खूण हवी, कारण गिऱ्हाईक मेंढीचे पैसे मोजतंय.

पण हात खुपसून जे कळत नाही त्याचं काय करायचं?

2001च्या जानेवारीत इंडोनेशियात अजिनोमोटोवरून मोठा गदारोळ झाला. त्यांच्या पावडरीत डुकराचं काहीही नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. पावडर बनवणारे जिवाणू ज्या खाद्यावर वाढवतात, ते खाद्य तयार करताना डुकरापासून काढलेलं एक एन्झाइम वापरलं गेलं होतं. उलेमा परिषदेने उत्पादन हराम ठरवलं, माल बाजारातून परत घ्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः धर्मपंडित. ते म्हणाले, खायला हरकत नाही. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दारूचा आपोआप शिरका झाला तर तो चालतो, हे शास्त्रातच आहे. वस्तू पुरती बदलली तर मूळ धरून बसायचं का, हा वाद जुना आहे.

मला मात्र वाटतं, हा वाद कंपनीच्या बाजूने सुटला तरी ढिगाचा प्रश्न उरतोच. ग्राहकाने पावडरीबरोबर ती कशी बनली याबद्दलचा एक शब्दही विकत घेतला होता. प्रयोगशाळेत त्या शब्दाचा अंश सापडत नाही, म्हणून तो मोडला नाही असं कसं म्हणायचं? शरीराला काही झालं नाही हे खरं. पण ‘तुला कळलंच नसतं’ हे समर्थन त्या धान्यवाल्यालाही देता आलं असतं.

शिक्क्याने प्रश्न सुटतो असंही नाही. 2020च्या डिसेंबरात मलेशियात उघड झालं की एक टोळी बाहेरून आणलेल्या मांसावर खोटे हलाल शिक्के मारून ते विकत होती. शिक्का दिसला की आपण बघणं थांबवतो. टोळीला तेच हवं असतं. (ॲपवरचा बिर्याणीचा फोटोसुद्धा ढिगाचा वरचा थरच, नाही का?)

इंडोनेशियाच्या 2014च्या कायद्यातली एक तरतूद मला म्हणूनच आवडते. हराम घटकांचा माल विकायला तिथे बंदी नाही, पण तो हलाल नाही हे त्यावर लिहावं लागतं. ओलं धान्य विका, वर ठेवून विका.

आणि हे काही मुसलमानांपुरतं नाही. डिसेंबर 2021मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की खाद्यपदार्थातला प्रत्येक घटक वनस्पतीपासून आलाय की प्राण्यापासून, हे प्रमाण कितीही कमी असलं तरी उघड करावं. याचिका होती गोरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेची. हिरव्या ठिपक्यामागे नुसता ई-क्रमांक लिहून भागवलं जातं, ही तिची तक्रार.

सगळं सांगत बसलो तर धंदा कसा होणार, असं दुकानदार म्हणेल. ही अडचण गझालींना अकराव्या शतकात ठाऊक होती. त्यांचा सल्ला असा, की स्वतःला आवडेल असाच माल भरा, आणि त्यातूनही काही दोषाचं हाती आलं तर सांगून विका. तिथेच ते बसऱ्याच्या इब्न सीरीनची गोष्ट देतात. त्यांनी एक मेंढी विकली आणि घेणाऱ्याला सांगून टाकलं, हिची एक खोड आहे, ही चारा पायाने उलथून टाकते.